देवदत्त सोनकांबळे यांचे दुःखद निधन

उल्हासनगरच्या माणसाला कॅम्पिंगचं फारसं कौतुक नसतं. तिथल्या वस्त्यांचं नावच कॅम्प. तो जन्मतो कॅम्पात, शाळेत जातो कॅम्पात आणि लग्न करून बायको आणतो तीही कॅम्पातच. नरेंद्र शेजवळ कॅम्प नंबर चारमध्ये राहत होता, त्याचा मुलगा बुद्धभूषण नोकरीसाठी रोज कॅम्प नंबर पाचात जात होता, आणि अशा घरात सुनेनं एका रात्री जेवताना जाहीर केलं, "सव्वीस जानेवारी सोमवारी आलीय. आपण सगळे कॅम्पिंगला जायचं."

"म्हणजे?" नरेंद्रनं घास हातात धरून विचारलं. "घर बदलायचं?"

सून उन्नती हिंमतीची होती. तिच्या वडिलांनी शाळेची पोरं ने-आण करायचा धंदा बंद केला तेव्हा त्यांची जुनी व्हॅन तिनं मागून घेतली. ती चालवायचीही तीच, कारण बुद्धभूषणला गाडीत पुढं बसलं की मळमळायचं आणि मागं बसलं की झोप लागायची. आता तिनं व्हॅनच्या सीटा काढून आत झोपायची, बसायची, चहा करायची सोय करून घ्यायचं ठरवलं. असल्या गाड्या तिनं मोबाइलवर पाहिल्या होत्या. त्यांतून गोरी माणसं डोंगराकडे बघत कॉफी पितात.

शेजवळांच्या घरात भगवान एकच, बुद्ध, आणि त्यांची मूर्ती हॉलमध्ये होती. पण गाडी घडवली ती फर्निचर बाजारातल्या सिंधी भगवानशेठनं. भगवानशेठची हयात सोफा-कम-बेड करण्यात गेली होती. त्यामुळे त्यानं सोफा-कम-बेडच केला, फक्त त्याला चाकं होती. मरून रंगाचं रेक्झिन, सोनेरी खिळे, आणि मागच्या कोपऱ्यात काचेचं एक शोकेस.

"शोकेस कशाला, शेठ?" उन्नतीनं विचारलं.

"साईं, शोकेस के बगैर घर, घर लगेगा क्या?" भगवानशेठ दुखावल्या आवाजात म्हणाला. शोकेस राहिलं.

गाडी तयार झाली. मुलगा तयार, सून तयार. प्रश्न होता तो शालनचा, म्हणजे नरेंद्रच्या बायकोचा.

शालननं महाराष्ट्र पुष्कळ पाहिला होता, पण तो स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला निघाली, ती 'वाटेवरच तर आहे' म्हणून पुण्यात येरवड्याला मामांकडे चहाला थांबली. मामींना नेमका ताप होता. शालननं सुट्टी संपेपर्यंत भाकऱ्या थापल्या आणि महाबळेश्वरहून आलेल्या एका पाहुण्यानं आणलेली स्ट्रॉबेरी खाऊन ती परत आली. वेरूळला निघाली ती मनमाडला मावसभावाच्या हळदीत अडकली. लेणी पाहिली ती मांडवाच्या पडद्यावर रंगवलेली. समुद्रसुद्धा तिनं नीट पाहिला होता, अलिबागला, आतेसासूबाईंच्या गच्चीवरून, पापड वाळत घालताना. या सगळ्या प्रवासांत नरेंद्रच्या तोंडी एकच वाक्य असायचं. 'वाटेवरच तर आहे.' शेजवळांचा गोतावळा एवढा पसरलेला होता की महाराष्ट्रातली कुठलीही वाट कुणा ना कुणा नातेवाइकाच्या ओट्यावरूनच जायची.

"मी येईन," शालन म्हणाली. ती शांतपणे बोलत होती. शालन चिडली की भांडी वाजायची, त्याचं काही नाही. पण ती शांत झाली की नरेंद्र टीव्हीचा आवाज बंद करायचा. "पण वाटेत एकाही घरी थांबलो, अगदी चहापुरतं, तर मी तिथून रिक्षा करून परत येणार. त्यानंतर तुम्ही फिरा तुमचे तुम्ही. मला पुन्हा विचारायचं नाही."

नरेंद्र अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाला होता. नोकरीभर त्याच्या मनात एकच होतं, की एकदा सुटलो की हिला घेऊन सगळीकडे हिंडायचं. आता सुटला होता, आणि पहिल्याच फेरीला गाडं अडलं तर पुढची वर्षं टीव्हीसमोर एकट्यानं भटकंतीचे कार्यक्रम बघत काढावी लागणार होती. बायको एकदा बोलली की बोलली. त्यानं शब्द दिला.

शब्द देणं सोपं असतं. उन्नतीनं जायचं ठरवलं होतं ते बारवी धरणाच्या बाजूला, आणि बारवीला जायचं तर बदलापूर लागतं, आणि बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, रस्त्याच्या अगदी कोपऱ्यावर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत नरेंद्रची थोरली बहीण शीलाताई बसलेली असते.

आई लवकर गेल्यावर शीलाताईनंच नरेंद्रला वाढवलं होतं. तिच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दुबईत होती, आणि ती गॅलरीत बसून रस्ता बघायची. तिच्या नजरेतून गाडी सुटणं कठीण, त्यातून मरून रेक्झिनची तर फारच कठीण. पूर्वी एकदा नरेंद्र कुणाच्या लग्नाला तिच्या घरावरून गेला होता आणि थांबला नव्हता. त्याची आठवण ती त्याला दर भीमजयंतीला, मिरवणुकीच्या आवाजावर आवाज चढवून, करून द्यायची.

'ताई, आम्ही थांबणार नाही' एवढंच म्हणायचं होतं. साधं वाक्य. पण ते नरेंद्रच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, जसं काही माणसांच्या तोंडून 'ळ' निघत नाही.

मग त्याला युक्ती सुचली. आपल्याकडे मयताच्या घरी निघालेल्या माणसाला वाटेत कुणी अडवत नाही. त्याला 'ये' म्हणायचं नसतं, त्यानं 'येतो' म्हणायचं नसतं, आणि जाताना-येताना कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नसतो. देशात एवढा एकच परवाना आहे की ज्यावर कुठलीही बहीण सही मागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो दूध आणायच्या निमित्तानं खाली उतरला आणि नाक्यावर उभं राहून त्यानं फोन लावला.

"ताई, जय भीम. उद्या तुझ्या बाजूनं जातोय, पण थांबता यायचं नाही गं. एकजण वारलाय. बारवीकडे त्याचं गाव आहे, तिथं त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे."

"अरेरे. कोण वारलं?"

हे नरेंद्रनं ठरवलंच नव्हतं. माणूस मारायचा तर निदान कोण ते आधी ठरवावं, एवढीही व्यवस्था त्यानं केली नव्हती. त्यानं घाबरून समोर पाहिलं. समोर औषधांचं दुकान होतं, त्यावर पाटी होती, 'देवदत्त मेडिकल'.

"देवदत्त," तो म्हणाला. "देवदत्त... सोनकांबळे. फॅक्टरीतला."

"देवदत्त?"

"हो."

"सोनकांबळे?"

"हो गं, ताई."

"बिचारा," शीलाताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

नरेंद्र खूष होऊन घरी आला. दूध विसरला होता, पण खूष होता. फॅक्टरीत काय बनतं हे त्यानं आयुष्यभर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. देशाची गुपितं सांभाळलेला माणूस. एक सोनकांबळे सांभाळणं त्याला जड नव्हतं.

शनिवारी सकाळी मंडळी निघाली. शालननं नवा पंजाबी ड्रेस घातला होता, पायांत पांढरे बूट होते आणि डोळ्यांवर गॉगल. हा गॉगल तिनं कधी घेतला हे नरेंद्रला ठाऊक नव्हतं. सोफा-कम-बेडवर ती खिडकीशी बसली होती आणि हवा गार होती. अंबरनाथ आलं. तिथं चुलतभाऊ भीमराव राहायचा. नरेंद्रची मान सवयीनं त्याच्या गल्लीकडे वळली, ती त्यानं हातानं धरून सरळ केली. शालननं ते पाहिलं. तिनं पिशवीतून चिक्कीचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. नरेंद्रला वाटलं, जमलं.

बदलापुरात गाडी पश्चिमेला वळली. हेंद्रेपाडा जवळ आला तसा नरेंद्र वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायांत चपला होत्या.

"पप्पा," उन्नती म्हणाली, "त्या आत्याच आहेत ना? पांढऱ्या साडीत?"

"गॅलरीत?"

"नाही. रस्त्यावर."

"पुढं घे," नरेंद्र खालूनच म्हणाला.

"पुढं कशी घेऊ? गाडीच्या समोर उभ्या आहेत."

दार सरकलं. पांढरीशुभ्र साडी, एका हातात फुलांची पुडी, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांचं पाकीट, अशी शीलाताई आत आली. "जय भीम. सरका जरा," ती म्हणाली आणि शालनच्या शेजारी बसली. "घरी नाही थांबायचं, बरोबर आहे तुझं, नरू. मयताला जाताना थांबू नये. म्हटलं, आपणच खाली उतरून उभं राहावं. चल गं, उन्नती."

गाडी चालू झाली. शीलाताईनं शालनकडे निरखून पाहिलं.

"गॉगल घातलास ते बरं केलंस, शालन. रडून डोळे सुजले असतील."

"मी कशाला रडू?"

"अगं, असं कसं? एवढा घरोबा होता."

"कुणाशी?"

"देवदत्तशी."

शालननं नरेंद्रकडे पाहिलं. नरेंद्रनं शोकेसकडे पाहिलं.

"पप्पा, देवदत्त कोण?" बुद्धभूषण अर्धवट झोपेतून उठून म्हणाला. "कधी नाव नाही ऐकलं."

"फॅक्टरीतला. गुप्त खात्यात होता."

"स्वभावानं कसा होता रे?" शीलाताईनं विचारलं.

"चांगला होता."

"मुलंबाळं?"

"दोन. म्हणजे तीन."

"दोन की तीन?"

"एक दत्तक होता."

"वा! मोठ्या मनाचा माणूस. आणि गेला कशानं?"

"छातीत कळ आली. पेटी वाजवता वाजवता."

"पेटी वाजवायचा?"

"फार सुंदर."

मग देवदत्त सोनकांबळे त्या गाडीत हळूहळू वाढत गेला. त्याला बायको झाली, गुडघेदुखी झाली, नातू परदेशी शिकायला गेला. नदीवरचा पूल येईपर्यंत नरेंद्रला त्याची खरोखर माया वाटू लागली होती, आणि असा माणूस आपल्याला आधी का भेटला नाही म्हणून त्याचा आवाज जरासा कापतही होता. शीलाताई 'च् च्' करत होती. शालननं गॉगल काढून मांडीवर ठेवला होता.

पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "उन्नती, गाडी थांबव."

गाडी थांबली. शालन पिशवी घेऊन उतरली. समोरून बदलापूरकडे जाणारी एक रिकामी रिक्षा येत होती, तिला तिनं हात केला. रिक्षा उभी राहिली.

"अगं, पण आपण कुणाच्या घरी थांबलोय का?" नरेंद्र मागोमाग उतरत म्हणाला. "शब्द मोडलाय का मी?"

"मयताचं घर म्हणजे घर नसतं? तिथं चहा लागत नाही? शंभर माणसांचा चहा लागतो, अहो, तो मयताच्याच घरी. आणि पांढऱ्या साड्यांचं कौतुक करत बाया पुढं बसतात, तेव्हा मागं चुलीपाशी कोण असतं? मीच असते. मला वाटलं होतं, जिवंत माणसांची घरं टाळलीत. तुम्ही मेलेल्याचं शोधून काढलंत."

"कुठं सोडू, मॅडम? स्टेशनला?" रिक्षावाल्यानं विचारलं.

शालननं एक पाय रिक्षात ठेवला. पांढरा बूट, नवाकोरा. त्याला अजून धूळसुद्धा लागली नव्हती. नरेंद्रनं त्या बुटाकडे पाहिलं आणि त्याला कळलं, की आता दुसरा पायही आत गेला तर दोन्ही पुन्हा बाहेर यायचे नाहीत.

"कुणी मेलेलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"देवदत्त नावाचं कुणी नाहीच. मी ताईला खोटं सांगितलं." मग तो गाडीकडे वळला. शीलाताई दारात येऊन उभी होती. "ताई, मला तुझ्याकडे थांबायचं नव्हतं."

वाक्य बाहेर पडलं. आकाश कोसळलं नाही. पुलाखालून नदी वाहत होती तशीच वाहत राहिली.

"शालननं सांगितलं म्हणून?" शीलाताईनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. बायकोवर ढकललं की बहीण-भावाचं गोड राहतं, हा आपल्याकडचा जुना तोडगा आहे.

"नाही," नरेंद्र म्हणाला. "मलाच नव्हतं थांबायचं."

"बघा," शालन रिक्षात पाय तसाच ठेवून म्हणाली. "एक माणूस मारलात, पण बहिणीला नाही म्हणवलं नाही."

"मारला कुठं?" शीलाताई म्हणाली. "तो जन्मलाच नव्हता. अरे नऱ्या, एकदा धम्म घेतल्यापासून आपल्यात सिद्धार्थ झाले, राहुल झाले, आनंद झाले. गौतम म्हणून गल्लीत हाक मारली तर सहाजण ओ देतात. पण देवदत्त? शाळेच्या पुस्तकात हंसाला बाण मारणारा देवदत्त? भगवंतांच्या अंगावर धोंडा ढकलणारा? सोनकांबळ्यांच्या घरात पोराचं नाव देवदत्त ठेवतील? तू बोललास तेव्हाच कळलं मला."

बुद्धभूषण खिडकीतून म्हणाला, "पप्पा, ती मिस्टेक मोठी होती हां."

"मग कळलं होतं तर पांढरी साडी नेसून आलीस कशाला?" नरेंद्रनं विचारलं.

"तू त्याला कुठवर नेतोस ते बघायला. पेटी काय, दत्तक काय!" ती हसली नाही. खाली उतरली, खांद्याची पर्स सारखी केली. "शालन, ती रिक्षा मला दे. तुमची सहल आहे, मी कशाला मधे."

'अगं, बस ना ताई' हे शब्द नरेंद्रच्या जिभेवर आले. ते तिथंच असायचे, नेहमी तयार. त्यानं ते गिळले.

"जा, ताई," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो. तुझ्याकडेच म्हणून येतो. वाटेवर आहे म्हणून नाही."

शीलाताई थांबली. मेणबत्त्यांचं पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"खरंच येशील?" ती म्हणाली. "माझ्याकडे म्हणून कुणी येत नाही रे. कुणी कर्जतला निघालेलं असतं, कुणी मुरबाडला. घर वाटेवर आहे ना. चहा होईपर्यंत बसतात, पुढं उशीर होतो म्हणून घड्याळ बघतात. मी कपबशा धुते, पुन्हा गॅलरीत बसते. नाही थांबलात तर मला राग येतो. थांबलात तर तुम्ही कधी उठता याची वाट बघते. कंबर राहत नाही आता."

रिक्षावाला आरशातून आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता. इतकी वर्षं शालन या नणंदेच्या ओट्यापाशी उभी राहिली होती, पण ओट्याच्या त्या बाजूला आणखी एक बाई उभी असते, हे तिनं मनावर घेतलं नव्हतं. तिनं पाय खाली घेतला.

"दादा, तुम्ही जा," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "ताई, गाडीत बसा."

"नको गं."

"बसा म्हणते ना. मी घरी थांबायचं नाही म्हणाले होते. तुमचं घर राहिलं मागं. आता नुसत्या तुम्ही आहात. पण एक ऐका, आज कुणी कुणाचं काही करायचं नाही."

"म्हणजे नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"मला जमेल का गं?" शीलाताईनं खरोखरच्या काळजीनं विचारलं.

उन्नतीनं एका आमराईच्या मालकाला आधी विचारून ठेवलं होतं. पाणी तिथून बरंच खाली होतं, पण दिसत होतं. गाडी झाडाखाली लावली, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाहेर काढल्या, आणि त्यांवर नणंद-भावजय पाण्याकडे तोंड करून बसल्या. मुलगा आणि सून धरणाकडे चालत गेली. शीलाताईला सुरुवातीला फार जड गेलं. ती दोनदा उठून शेगडी पुसायला निघाली; शालननं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मग हळूहळू तिचे हात मांडीवर स्थिरावले. आणलेली फुलं तिनं आमराईच्या कडेला एका दगडावर ठेवली. वाया कशाला घालवायची, म्हणाली.

ऊन कलत आलं तेव्हा तिचा फोन वाजला. अंबरनाथचा भीमराव होता. त्याचा आवाज नरेंद्रला शेगडीपाशी ऐकू आला. तो सहकुटुंब कर्जतला निघाला होता, हेंद्रेपाडा वाटेवरच म्हणून थांबला, तर दाराला कुलूप.

"अरे भीमराव," शीलाताई आवाज पाडून म्हणाली, "मयताला आलेय रे. तू नाही ओळखत. देवदत्त सोनकांबळे. हो ना, फार चांगला माणूस. पेटी काय वाजवायचा!... नाही, आज येणं होत नाही. मोठं कुटुंब आहे, असं टाकून निघता येत नाही... किल्ली? किल्ली माझ्याजवळ आहे. बरं, जा तुम्ही पुढं."

तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला. शालनचे खांदे हलत होते. नरेंद्रला आधी वाटलं ती रडतेय. मग तिचा आवाज फुटला, आणि असं हसताना त्यानं तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं हे त्याला आठवेना.

"चहा झालाय," तो म्हणाला. "या घ्यायला."

कुणी उठलं नाही.

"इकडे आणून द्या," शालन मागं न बघता म्हणाली.

त्यानं दोन स्टीलचे पेले नेऊन दिले आणि तिथंच उभा राहिला. शीलाताईनं एक घोट घेतला, तोंड उघडलं, शालनकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. शालननं पाय लांब केले. बुटांवर आता चांगली तांबडी धूळ बसली होती. तिनं सावकाश अर्धा पेला संपवला.

"कसा झालाय?" नरेंद्रनं विचारलं.

"गरम आहे," शालन म्हणाली. "पुढच्या वेळी निघताना साखर घ्या आठवणीनं."